मांस एक, रूपे तीन : कृश बालकाच्या निमित्ताने मांसधातूचा विचार

होळीनंतरचे दोन-तीन आठवडे नंदुरबार जिल्ह्यातील वैद्याला नेहमीपेक्षा वेगळे जातात. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली अनेक कुटुंबे होळीच्या सुमारास सातपुड्यातील आपल्या पाड्यांवर परततात. चार-पाच महिने पालावर काढलेली लहान मुले त्या दिवसांत चिकित्सालयात येतात. अशाच एका दुपारी एक आजी आपल्या दोन वर्षांच्या नातवाला घेऊन आली. मुलाचे हातपाय काड्यांसारखे, नितंबावरची त्वचा सैल लोंबणारी आणि पोट मात्र तट्ट पुढे आलेले. आजीने पोटावर हात ठेवून विचारले, "डॉक्टर, पोट तर एवढं भरलेलं दिसतंय, मग पोरगा वाळला कसा?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे नीट उत्तर द्यायचे तर तीन प्रकारच्या मांसाचा विचार करावा लागतो. पदवीच्या प्रथम वर्षात आपण सर्वांनीच ऐच्छिक, अनैच्छिक आणि हृदयाचे स्नायू हे तीन प्रकार पाठ केले, परीक्षेत आकृत्या काढल्या आणि पुढे व्यवसायात शिरल्यावर बहुधा विसरूनही गेलो. कृश रुग्णाच्या चिकित्सेत मात्र हाच विषय जीवनमरणाचा ठरतो. म्हणून या उजळणीचा खटाटोप.

शब्दांचा घोळ

आरंभी शब्दांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण मराठी वैद्याची पहिली अडचण तेथेच आहे. संहितेत 'पेशी' म्हणजे मांसाचा विभक्त झालेला अवयव, म्हणजेच आजच्या भाषेत 'मसल'. 'स्नायू' म्हणजे बांधणारा, तंतुमय, दृढ भाग, ज्यात अस्थिबंध आणि कंडरा यांचा समावेश होतो. शालेय मराठी पुस्तकांत नेमके उलट झाले. तेथे 'मसल'ला स्नायू म्हटले गेले आणि 'पेशी' हा शब्द 'सेल'साठी वापरला गेला. त्यामुळे 'स्नायूपेशी' हा शब्द शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला 'मसल सेल' वाटतो, तर सुश्रुत वाचणाऱ्याला दोन भिन्न अवयवांची जोडी वाटते. रुग्ण 'स्नायू दुखतात' म्हणतो तेव्हा त्याला मांस अभिप्रेत असते. आपण मात्र 'स्नायुगत वात' लिहून मोकळे होतो.

हा घोळ आजचा नाही. महामहोपाध्याय गणनाथ सेन यांनी 'प्रत्यक्षशारीरम्' या ग्रंथात प्राचीन संज्ञा आणि आधुनिक शारीर यांची सांगड घालण्याचा यत्न केला. भास्कर गोविंद घाणेकर यांनी सुश्रुताच्या शारीरस्थानावरील आपल्या टीकेत अशा संज्ञांची बारकाईने चर्चा केली. प्रस्तुत लेखात 'पेशी' हा शब्द संहितेच्याच अर्थाने, म्हणजे मांसपेशी या अर्थाने वापरला आहे. 'सेल'साठी 'कोशिका' असे लिहिले आहे.

संहितेतील मांस

सुश्रुताने पेशींची संख्या पाचशे सांगितली. त्यांपैकी चारशे शाखांत, सहासष्ट कोष्ठात आणि चौतीस मानेपासून वर. स्त्रियांमध्ये स्तन, अपत्यपथ आणि गर्भाशयाशी संबंधित वीस पेशी अधिक. आधुनिक शारीरात नाव दिलेल्या ऐच्छिक पेशी सहाशेहून अधिक धरल्या जातात. संख्येवर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण मोजण्याची पद्धत भिन्न आहे. वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवून कुजवलेले प्रेत सात रात्रींनंतर वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर पाहणे, ही सुश्रुताची पद्धत होती. सूक्ष्मदर्शक नसताना त्यांनी पेशींचे स्थूल, अणू, पृथू, वृत्त, ऱ्हस्व, दीर्घ, मृदू, कर्कश असे भेद नोंदले, हेच विलक्षण आहे.

कोष्ठातील त्या सहासष्ट पेशींची यादी आपण सहसा घाईने वाचतो. तीत छाती, पाठ आणि नितंब यांच्या पेशी आहेत. त्यांच्याबरोबर गुदाच्या तीन, बस्तिशिराच्या दोन आणि हृदय व आमाशय यांच्या मिळून दोन पेशीही आहेत. म्हणजे दंडाचे मांस, हृदयाचे मांस आणि आशयांचे मांस सुश्रुताने एकाच यादीत बसवले. आमाशय, पक्वाशय आणि बस्ती यांच्या टोकांशी 'सुषिर' स्नायू सांगितले, ते निराळे. ऊतींचे तीन प्रकार संहितेत सांगितले आहेत असा दावा मी करणार नाही. तो सूक्ष्मदर्शकानंतरचा विचार आहे. मात्र हे सर्व मांस एकाच धातूचे आहे आणि म्हणून त्याचा क्षय होतो तेव्हा तो केवळ हातापायांपुरता राहत नाही, हा निष्कर्ष धातुविचारातून सरळ निघतो. पुढील विवेचनाचा आधार तोच आहे.

पहिले रूप : अस्थींना जोडलेले ऐच्छिक मांस

प्रौढ पुरुषाच्या शरीरभाराचा सुमारे ४० टक्के भाग या मांसाचा असतो. त्याचा एकेक तंतू म्हणजे अनेक कोशिका एकत्र मिळून बनलेली लांब नळी असते, म्हणून एका तंतूत असंख्य केंद्रके असतात आणि ती कडेला ढकललेली दिसतात. तंतूवर आडवे पट्टे असतात, यास्तव शालेय पुस्तकांत त्यास 'पट्टकी' म्हणतात. जाड मायोसिन आणि बारीक ॲक्टिन यांच्या सुबक मांडणीने हे पट्टे उमटतात. आकुंचनाच्या वेळी हे धागे स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हा सिद्धांत १९५४ साली दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी मांडला.

या सरकण्याला जे इंधन लागते, त्याच्या शोधाशी आपल्या क्षेत्राचा जवळचा संबंध आहे. मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शारीर शिकवणारे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव पुढे अमेरिकेत हार्वर्डला गेले. तेथे फिस्क यांच्यासह त्यांनी १९२७ मध्ये मांसातील फॉस्फोक्रिएटिन हा पदार्थ शोधला आणि लवकरच एटीपीचाही शोध घेतला. या दोन्ही इंधनांत फॉस्फरस हा अत्यावश्यक घटक आहे. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, पुढे याचा संबंध येणार आहे.

ऐच्छिक मांसातील तंतूही एकसारखे नसतात. काही तांबडे असतात. ते संथ चालतात, पण लवकर थकत नाहीत. काही फिकट असतात. ते वेगवान असतात आणि लवकर थकतात. डोंगर चढून पाणी आणणाऱ्या बाईच्या पिंडऱ्यांत पहिल्यांचे काम अधिक असते, तर कुऱ्हाडीचा घाव घालणाऱ्याच्या खांद्यात दुसऱ्यांचे.

या मांसाचे आणखी एक कार्य आपण विसरतो. ते शरीराचे प्रथिनांचे कोठार आहे. आहार तुटला की शरीर आधी मेद जाळते आणि त्याचबरोबर हे कोठार फोडून यकृत, रक्त व व्याधिप्रतिकारासाठी लागणारे घटक पुरवते. हातपाय काड्यांसारखे होणे म्हणजे शरीराने स्वतःलाच खाल्ल्याची खूण होय. मांसक्षयात नितंब, गाल, मांड्या, काख, पिंडऱ्या आणि मान शुष्क होतात असे सुश्रुत सांगतो. अतिकृश बालकाची तपासणी करताना आजचे बालरोगतज्ज्ञ नेमके हेच भाग पाहतात.

दुसरे रूप : हृदयाचे मांस

हृदयाच्या मांसावरही पट्टे असतात, पण ते आपल्या इच्छेत नाही. त्याच्या कोशिका आखूड व फांद्या फुटलेल्या असून बहुधा एकेकच केंद्रक बाळगतात. त्या एकमेकींशी विशिष्ट चकतीसारख्या सांध्यांनी जोडलेल्या असतात. त्या सांध्यांतून विद्युत्-संवेदना झरझर पसरते, म्हणून लाखो कोशिका एकाच कोशिकेप्रमाणे आकुंचन पावतात. एका आकुंचनानंतर काही क्षण हृदय दुसरी आज्ञा स्वीकारत नाही. त्यामुळे दंडाच्या पेशीसारखा त्याला सततचा पेटका येऊ शकत नाही, ही निसर्गाचीच योजना आहे. मिनिटाला ७० ठोके धरले तरी दिवसाला एक लाखाहून अधिक आकुंचने होतात. म्हणूनच या कोशिकांत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका खच्चून भरलेल्या असतात. ऐच्छिक मांसाला दुखापत झाली तर तेथील राखीव कोशिका काही प्रमाणात नवे तंतू घडवतात. हृदयात ही क्षमता नगण्य असते.

उपासमारीत शरीर हृदयाला वाचवते, अशी समजूत पूर्वी होती. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांवर २४ आठवडे अर्धपोटी आहाराचा प्रयोग केला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, नाडी अतिशय मंद झाली आणि हृदयाचा आकारही लहान झाला. म्हणजे हृदयाचे मांसही झिजते. फक्त ते दंडासारखे दिसत नाही.

तिसरे रूप : आशयांचे अनैच्छिक मांस

आमाशय, आंत्र, बस्ती, गर्भाशय, श्वासनलिका आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती यांत हे मांस असते. त्याच्या कोशिका चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या व मध्ये एक केंद्रक असलेल्या असतात. ॲक्टिन आणि मायोसिन येथेही आहेत, पण ते ओळीने मांडलेले नसल्याने पट्टे दिसत नाहीत. आकुंचन मंद असते. मात्र अल्प इंधनात ते दीर्घकाळ ताण धरून ठेवते. रात्रभर रक्तवाहिन्यांचा ताण टिकतो आणि बस्तीचे मुख बंद राहते, ते याच गुणामुळे. या कोशिका वाढू शकतात आणि विभागूही शकतात. गर्भाशय हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. एरवी ५० ते ७० ग्रॅमचे गर्भाशय गर्भिणीच्या अखेरच्या महिन्यात सुमारे एक किलोचे होते.

दोषविचाराने पाहिल्यास हातापायांचे प्रसारण-आकुंचन आणि हृदयाचे कार्य व्यानवायूच्या अधिकारात, तर आशयांचे चलनवलन समान आणि अपान यांच्या अधिकारात येते. ही जुळणी समजुतीच्या सोयीसाठी आहे, तंतोतंत समीकरण म्हणून नव्हे.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या पोटाकडे वळू. उदराच्या पुढच्या भिंतीतील ऐच्छिक मांस झिजून पातळ झाले, म्हणून ती आतल्या भाराला आवरू शकत नाही. आतड्याच्या भिंतीतील अनैच्छिक मांसही दुबळे झाले. त्याचे चलन मंदावले, अन्न साचले आणि वायू धरला, म्हणून पोट फुगले. म्हणजे पोट मोठे दिसते तेही मांसक्षयामुळेच. संहितेत मांसक्षयाच्या लक्षणांत उदरशुष्कता सांगितली आहे आणि येथे तर पोट मोठे, असा विरोध वाटू शकतो. परंतु पोटाची त्वचा चिमटीत धरून पाहिली की भिंत किती पातळ झाली आहे ते कळते. पोकळी फुगली आहे, मांस मात्र वाळलेलेच आहे. कृमी असू शकतात, पण प्रत्येक मोठे पोट कृमीचे नसते.

आजीला मी एवढेच सांगितले, "आजी, याच्या पोटात अन्न नाही, वारा आहे. हात वाळले तसंच आतलं आतडंही वाळलंय आणि काळीजही दमलंय. याला आज घरी नेऊ नका." मुलाला पातळ जुलाब होत होते आणि तो खायला तोंड लावत नव्हता. त्याला त्याच दिवशी पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवले. तेथे पहिले काही दिवस त्याला थोड्याथोड्या अंतराने थोडे-थोडे दूधच दिले जात होते. आजी वैतागली होती. पोर उपाशी आणि हे वाटीभरही देत नाहीत, अशी तिची तक्रार होती.

माझी एक चूक

आजीची तक्रार मला परकी वाटली नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी, व्यवसायाच्या पहिल्याच वर्षी, मीही असाच विचार केला होता. असेच एक अतिकृश बालक आले. निदान मांसक्षय, म्हणून चिकित्सा बृंहण, असे सरळ गणित मांडले. भरपूर तूप, गूळ, अश्वगंधा व शतावरी घातलेला कल्प दिवसातून तीनदा द्यायला सांगितला. आईनेही भरपेट भात खाऊ घातला. तिसऱ्या दिवशी मुलाला जुलाब लागले, पायांवर सूज आली आणि श्वास जलद झाला. रात्री भाड्याच्या जीपने शासकीय रुग्णालयात नेले. सुदैवाने मूल वाचले. तेथील डॉक्टरांनी मला रागावून नव्हे, शांतपणे विचारले, "वैद्यराज, एकदम एवढं का दिलंत?" त्या प्रश्नाने माझी झोप उडवली.

चूक कोठे झाली? मला दंडाचे मांस दिसले, हृदयाचे आणि आतड्याचे दिसले नाही. आहार तुटलेल्या शरीरात एकदम पिष्टमय अन्न गेले की इन्शुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशिअम व मॅग्नेशिअम कोशिकांत ओढले जातात. सुब्बारावांनी दाखवलेल्या त्या इंधनासाठी रक्तात फॉस्फेट उरत नाही. हृदयाचे ठोके अडखळतात, श्वासपटल थकते. वृक्कही मीठ-पाणी नीट बाहेर टाकत नाहीत, म्हणून सूज येते. अशा हृदयावर शिरेतून भराभर सलाईन चढवणे हाही तेवढाच धोका आहे. केवळ मूल सुकलेले दिसते म्हणून बाटली लावायची नसते. शॉकच्या अवस्थेत आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच ती द्यावयाची असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत प्रथम स्थिरीकरणाचा टप्पा असतो. त्यात १०० मिलिलिटरला ७५ उष्मांक असलेले, कमी प्रथिनांचे दूध दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा दिले जाते. भूक परतली आणि सूज उतरू लागली की १०० उष्मांकांच्या दुधाकडे क्रमाने वळतात. हे वाचताना आपल्याला संसर्जनक्रम आठवल्याशिवाय राहणार नाही. शोधनानंतर अग्नी मंद असताना पेया, विलेपी, यूष या क्रमानेच जायचे, हे आपण पंचकर्माच्या रुग्णाला कटाक्षाने सांगतो. तोच नियम बालकाला लावायला मी विसरलो होतो. बृंहण चुकीचे नव्हते, क्रम चुकला होता. क्षीण धातूचा अग्नीही क्षीण असतो आणि त्याला पेलेल एवढेच द्यावे, हा आपलाच सिद्धांत आहे. मात्र घरी पेया देऊन अतितीव्र कुपोषण बरे करीन, असा अट्टहास कोणी धरू नये.

दंड मोजा

आतले मांस दिसत नाही, पण बाहेरचे मांस मोजून आतल्याचा अंदाज बांधता येतो. सहा महिने ते पाच वर्षे या वयात निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही. त्यामुळे एकच मोजमाप या सर्व वयासाठी चालते. डाव्या हाताचा खांद्याचे टोक ते कोपराचे टोक यांमधला मध्यबिंदू काढावा. हात सैल सोडून पट्टी न आवळता लावावी. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास अतितीव्र कुपोषण आणि ११.५ ते १२.५ यांदरम्यान असल्यास मध्यम कुपोषण समजावे.

यास एक महत्त्वाचा अपवाद आहे. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबल्यावर खळगा राहत असेल, तर घेर कितीही असो, ते मूल अतितीव्र कुपोषितच धरावे. सुजेखाली मांसक्षय लपतो, वजनकाटाही फसतो.

भूक नाही, ताप आहे, अंग थंड पडले आहे, सतत उलट्या वा जुलाब आहेत किंवा मूल मलूल आहे, यांपैकी काहीही असल्यास पोषण पुनर्वसन केंद्र हाच मार्ग होय. भूक चांगली असून कोणताही उपद्रव नसेल, तर अंगणवाडीमार्फत ग्राम बाल विकास केंद्रात नोंद होते. तेथून परतलेल्या मुलाच्या पुढील सहा महिन्यांत आपले काम मोठे आहे. नवापूरची तूरडाळ, मूग, ज्वारी, भगर, अंडी आणि परंपरेने मांसाहार करणाऱ्या घरांत मांसरस, यांचा क्रम लावून देणे, अभ्यंग शिकवणे आणि दर महिन्यास दंड मोजणे. समानाने समानाची वृद्धी हा सिद्धांत येथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

अश्वगंधेविषयी वारंवार विचारले जाते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यायाम करणाऱ्या ५७ तरुण पुरुषांना आठ आठवडे अश्वगंधेचा अर्क दिल्यावर बळ आणि मांसवृद्धी अधिक झाल्याचे आढळले. ते निरोगी, भरपेट खाणारे प्रौढ होते. तो निष्कर्ष दोन वर्षांच्या कृश मुलास लावणे शास्त्रीय ठरत नाही.

तीन मांसे, तीन विषद्रव्ये

आता विशेषतः औषधविक्रेत्या बंधूंसाठी. औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये जी विषद्रव्ये आहेत, त्यांपैकी तीन मांसाच्या तीन रूपांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यास सोपी आहेत.

कुचला. यातील स्ट्रिकनीन हे सुषुम्नेतील ग्लायसिनचा लगाम काढून घेते, त्यामुळे ऐच्छिक मांसास झटके येतात. अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी यांची मात्रा म्हणूनच रतीवर तोलली जाते.

वत्सनाभ. यातील ॲकोनिटीन हृदयाच्या कोशिकांतील सोडिअमची दारे उघडी ठेवते आणि ठोक्यांची लय बिघडवते. शोधनाने ही तीव्रता कमी होते, म्हणूनच शोधनाचा एवढा आग्रह आहे. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव हे आपल्या दुकानांत रोज खपणारे कल्प आहेत. झिजलेल्या हृदयाच्या मुलास तापासाठी ते वरचेवर देऊ नयेत.

अहिफेन. हे आतड्याचे चलन मंदावते. कर्पूर रसाने जुलाब थांबल्यासारखे दिसतात, पण फुगलेल्या पोटाच्या कृश बालकाचे आतडे आधीच मंद असते. अशा मुलात जुलाब थांबले आणि पोट आणखी फुगले, तर तो सुधार नव्हे. हीच खबरदारी पोटदुखीच्या ॲलोपॅथिक थेंबांबाबतही घ्यावी. डायसायक्लोमिन सहा महिन्यांखालील बाळास देऊ नये.

या द्रव्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे. वेष्टनावर ती नसेल तर माल परत करावा.

याशिवाय आणखी तीन गोष्टी. आठवडे बाजारात सांधेदुखीसाठी मिळणाऱ्या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. चेहरा गोल होत चालला, मांड्या-नितंब बारीक झाले आणि जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागू लागला, तर तो वार्धक्याचा वात नसून औषधाने झिजवलेले मांस असण्याचा संभव असतो. अशा रुग्णास पुडी एकदम बंद करण्यास न सांगता फिजिशियनकडे पाठवावे, कारण एकाएकी थांबवणे धोक्याचे ठरते. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनच्या गोळ्या घेणारा रुग्ण अंगदुखीसाठी गुग्गुळ मागू लागला, तर आधी गोळ्यांची चौकशी करून सीपीके तपासून घ्यावे. आणि आपल्या जिल्ह्यात हातपाय दुखणाऱ्या प्रत्येक आदिवासी मुलामध्ये सिकलसेलचा विचार करावा. हा आजार निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून तपासणीची सोय शासकीय यंत्रणेत आहे. अशा रुग्णांत वमन-विरेचनाने होणारा जलक्षय वेदनेचा झटका आणू शकतो. केवळ वाहक असलेल्या तरुणातही उन्हात अतिश्रम आणि पाण्याचा अभाव यांमुळे मांस विघटित होऊन लघवी गडद तपकिरी होऊ शकते. ती दिसली की त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपसंहार

आजीचा नातू तीन आठवड्यांनी केंद्रातून घरी आला. पोट बसले होते, दंड ११.९ सेंटिमीटर भरला. आजीला आकडा कळला नाही, पण पट्टीवरचा रंग लालावरून पिवळ्यावर आल्याचे तिने ओळखले. हिरव्यापर्यंत अजून जायचे आहे, हे तिला आणि मलाही ठाऊक आहे. पुढच्या दिवाळीनंतर कुटुंब पुन्हा ऊसतोडीला जाईल. जाण्यापूर्वी मुलाला एकदा दाखवून जा, असे सांगून ठेवले आहे.

आपल्या संघटनेच्या सभासदांना एक विनंती करून थांबतो. दंड मोजण्याची पट्टी प्रत्येक चिकित्सालयात आणि प्रत्येक औषधी दुकानाच्या गल्ल्याजवळ असावी. ताकदीचे औषध मागायला आलेल्या आईला बाटली देण्यापूर्वी मुलाचा दंड मोजावा आणि पावलावर अंगठा दाबून पाहावा. याला एक मिनिट लागते. पट्टी लाल दाखवत असेल किंवा पावलावर खळगा उमटला असेल, तर त्या दिवशी बाटली विकू नये, केंद्राचा पत्ता द्यावा.